चौथ्या सीटवरचा रोजा

रमजान सुरू झाला की वर्गात दरवर्षी एक प्रश्न येतोच. "मॅडम, पाणीसुद्धा नाही?" विचारणारी मुले बदलतात, प्रश्न तोच राहतो. पाणीसुद्धा नाही. पहाटेची सहरी आटोपली की संध्याकाळी, सध्याच्या दिवसांत पावणेसातच्या सुमारास, मगरिबची अजान होईपर्यंत अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही. मुले डोळे मोठे करतात. एखादी हळूच सांगते की तिची आजी निर्जळी एकादशी करते. मी त्यांना म्हणते, पाण्याचे फारसे काही नाही, चार दिवसांत शरीर सरावते. रोज्यातली अवघड गोष्ट वेगळी आहे आणि तिचा पोटाशी संबंध नाही.

ती जिभेची आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा की, ज्याने खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडले नाही, त्याने खाणेपिणे सोडावे याची अल्लाहला काही गरज नाही. दुसरी एक हदीस सांगते की, कोणी भांडायला आला, शिवीगाळ करू लागला, तर रोजेदाराने एवढेच म्हणावे की मी रोज्याने आहे. म्हणजे रोजा हे राग आवरण्याचे निमित्त आहे.

आमच्या घरांत प्रत्यक्षात काय होते तेही सांगायला हवे. दुपारी चारनंतर आवाज चढू लागतात. उर्दूत 'रोजा लगना' असा वाक्प्रचार आहे, म्हणजे रोज्याचा त्रास जाणवणे. "जाने दो, उन्हें रोजा लग रहा है," असे म्हणून घरातल्या कर्त्या पुरुषाचे ओरडणे खपवून घेतले जाते. रिक्षावाला तोडून बोलला, दुकानदाराने गिऱ्हाइकाला झिडकारले, तरी कारण तेच. जे राग आवरायला दिले होते त्यावरच राग काढायचा परवाना मिळाल्यासारखे आपण वागतो. उपासाच्या दिवशी सासूबाईंपासून चार हात लांब राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रोज्याचे सगळे शिक्षण ज्या एका शब्दात सांगतात तो शब्द म्हणजे सब्र. तो मराठीला परका नाही. शिर्डीच्या साईबाबांच्या 'श्रद्धा आणि सबुरी'तली सबुरी ती हीच. निमूट सोसत राहणे असा त्याचा अर्थ आपण लावून घेतला आहे. अरबीत मात्र त्याच्या मुळाशी रोखून धरणे, आवरणे हा अर्थ आहे. घोड्याचा लगाम ओढावा तसे. लगाम ओढायला घोडा धावता असावा लागतो. बंद खोलीत एकट्याने सब्र करणे सोपे असते, कारण तिथे पायावर पाय देणारे कोणी नसते.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला पायावर पाय देणारे कुठे भेटतात, हे काय सांगायचे? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. चौदा डबे, चारशे पाहुणे. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणला पोहोचले. आज सकाळी डोंबिवलीला थांबणाऱ्या फास्ट लोकलच्या एकाच डब्यात ते चारशे पाहुणे असतात असे म्हटले तर कोणी हसणार नाही. पावणेदोनशे वर्षे होत आली, या गावांचा दिवस रुळांवर सुरू होतो आणि रुळांवरच संपतो. रमजानमध्ये इफ्तारची वेळ नेमकी परतीच्या गर्दीत येते. कित्येकांचा रोजा मुंब्र्याच्या अलीकडे-पलीकडे, एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात खजूर, असाच सुटतो.

मी बरीच वर्षे लेडीज डब्यात काढली आहेत. पूर्वी मुंबईला जात असे, आता ठाण्यापर्यंतच. त्या डब्याचे कायदे कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडले तर शिक्षा होते. तिघींच्या बाकावर चौथी बसते. ती अर्धी हवेत असते, तरी तिला बसू द्यायचे, "जरा सरकून घ्या" म्हटले की कुरकुर न करता सरकायचे. उभी राहिलेली बाई बसलेल्या प्रत्येकीला "कुठे उतरणार?" विचारत जाते आणि कोणीतरी "ठाणे" म्हटले की ती जागा तिची झाली. पावती नाही, साक्षीदार नाही. मध्येच दुसरी कोणी घुसू लागली तर उतरणारीच सांगते, "नाही हं, ह्यांना दिली आहे." अनोळखी बाईने अनोळखी बाईला दिलेला हा शब्द रोज हजारो वेळा पाळला जातो. कर्जत-कसाऱ्याकडून, बदलापूर-डोंबिवलीहून बसून आलेल्यांत तर आणखी एक रीत आहे. कुर्ल्याच्या आसपास एखादी उठते आणि तासभर समोर उभ्या असलेलीला म्हणते, "बस आता तू."

रमजानमध्ये आम्ही जकात काढतो. जकात म्हटले की ठाणेकरांना मुलुंडचा नाका आणि ट्रकांची रांग आठवते, कारण मराठीत तो शब्द महापालिकेच्या करापुरता उरला. तो आता करही गेला. मूळ जकात म्हणजे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतीइतकी संपत्ती ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना देणे. ही भीक नव्हे. आपल्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे, असे कुरआन म्हणते. हक्क हा शब्दही मराठीत आणि अरबीत एकच. देणाऱ्याने उपकाराचा आव आणायचा नाही, कारण जे दिले ते मुळात त्याचे नव्हतेच. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ४८ किलोमीटर, आणि कुर्ला तिथून सोळा. कुर्ल्याला उठणारी ती बाई आपल्या बसण्याचा साधारण तिसरा हिस्सा देऊन टाकते, आणि त्याबद्दल आभारसुद्धा नीट ऐकून घेत नाही, मोबाइल काढते. जकात कशी द्यावी हे वर्गात शिकवायची वेळ आली तर मी हेच उदाहरण देईन.

धर्माच्या नावाने आपण जे करतो त्याचे दोन भाग इस्लाममध्ये मानले जातात. एक हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे देणे. दुसरा हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे देणे. नमाज चुकली, रोजा सुटला, तर तो अल्लाह आणि माणूस यांच्यातला प्रश्न. तो दयाळू आहे. पण एखाद्याचे मन दुखावले, पैसे बुडवले, बदनामी केली, तर ज्याचे नुकसान झाले त्यानेच माफ करावे लागते. प्रेषितांनी एकदा सोबत्यांना विचारले, मुफलिस म्हणजे दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसा-अडका नाही तो. प्रेषितांच्या उत्तराचा आशय असा, की खरा दिवाळखोर तो, जो निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे, जकात यांची भली मोठी शिदोरी घेऊन येईल. पण त्याने याला शिवी दिली असेल, त्याचा माल खाल्ला असेल, आणखी कोणाला मारले असेल. मग त्याचे पुण्य एकेकाला वाटले जाईल. शिल्लक संपली की त्या लोकांची पापे याच्या खात्यावर चढतील.

लहानपणी ही हदीस ऐकताना मला तो माणूस कोणी सावकार किंवा गुंड वाटायचा. आता तो आठ वाजून काही मिनिटांच्या फास्टमध्ये दिसतो. दारात ग्रुप करून उभे राहायचे आणि दिव्याला, डोंबिवलीला चढणाऱ्यांना आत येऊ द्यायचे नाही. डोंबिवलीहून उलटे कल्याणला जाऊन खिडकी पकडायची आणि मग बॅगा ठेवून अख्खे बाक अडवायचे. "रोज आम्ही इथेच बसतो." यातल्या बहुतेकांच्या घरी देव्हारा आहे किंवा जानमाज आहे. उपवास आहेत, पारायणे आहेत, तरावीह आहे. सकाळच्या पाऊण तासात त्यातले किती जमा राहते आणि किती वाटले जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आणि हीच माणसे वेगळीही वागताना आपण पाहिली आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल जागच्या जागी थांबल्या, उल्हास नदी बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरली. रुळांवरून रात्रभर चालत घरी आलेल्यांना वाटेतल्या चाळींनी चहा दिला, अनोळखी बायकांना घरात झोपवले. मशिदी, मंदिरे, शाळा, जे उघडे होते तिथे माणसे टेकली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी. एनडीआरएफ आणि नौदल आले, पण त्यांच्याबरोबरीने आसपासच्या गावांतली माणसेही गुडघाभर चिखलातून मदतीला धावली.

छातीभर पाण्यात परक्याला खांद्यावर घेणारा माणूस साध्या मंगळवारी त्याच परक्यासाठी दोन इंच का सरकत नाही? मला वाटते, संकटातला चांगुलपणा त्या मानाने सोपा असतो. संकट सगळ्यांना सारखे करते, ते केव्हातरी संपणार हे माहीत असते, आणि दुसऱ्या दिवशी सांगायला गोष्टही मिळते. मंगळवारला गोष्ट नसते. तो पुढच्या मंगळवारी पुन्हा येतो. २ जानेवारी २०१५ ला दिव्यात गाड्यांच्या गोंधळावरून लोकांचा संयम सुटला, रेल रोको झाला, दगडफेक झाली. गेल्या वर्षी ९ जूनला मुंब्र्याच्या वळणावर, एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांचा जीव गेला. गाड्या कमी, माणसे जास्त, ही मुख्य गोष्ट; तिची जबाबदारी प्रवाशांच्या सुस्वभावावर ढकलण्याचा माझा हेतू नाही. रेल्वेने डबे वाढवावेत, फेऱ्या वाढवाव्यात, दारे बंद होणाऱ्या गाड्या आणाव्यात. पण तोवर दाराशी जो उभा आहे त्याला एक पाऊल आत यायला जागा द्यायची की नाही, हे ठरवायला रेल्वे मंत्रालयाची गरज लागत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला नेहमी भिवंडी आठवते. कल्याणपासून हाकेच्या अंतरावरचे हे यंत्रमागांचे शहर. मे १९७० मध्ये तिथे दंगल झाली, तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटले आणि त्या वेळी मुंबई-ठाणे-भिवंडी पट्ट्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. 'भिवंडी' हा शब्दच दंगलीचा पर्याय होऊन बसला होता. अशा ठिकाणी १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी जे केले ते ऐकायला फार किरकोळ वाटते. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या केल्या, त्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही. नेहमीच्या पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांवर भर दिला. आणि मोहल्ल्याची जबाबदारी त्या भागातल्या शिपायापर्यंत नेली. माणसे जमत, गल्लीतल्या बारीकसारीक कुरबुरी मांडत, त्या तिथेच मिटवत. शिपाई त्यांना नावाने ओळखू लागला, ती एकमेकांना ओळखू लागली.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. भिवंडी शांत राहिली. ज्या गावाचे नाव घेऊन इतरांना भीती घालत, तेच गाव. नंतर मुंबईनेही मोहल्ला समित्यांचा धडा गिरवला.

या घटनेतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट तारखांत आहे. समित्या १९८८ च्या, वादळ १९९२ चे. मधली चार वर्षे तिथे काय झाले? भाषणे देण्यासारखे काहीच नाही. माणसे बसली, बोलली, कंटाळली असतील, पुन्हा बसली. सहा डिसेंबरच्या रात्री अफवा आली तेव्हा खात्री करून घ्यायला जायचे कुणाकडे, हे त्यांना माहीत होते, कारण गेली चार वर्षे ती त्या माणसाकडे क्षुल्लक कारणांनी जातच होती. आपल्याकडे हल्ली पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते ती सणाच्या आठ दिवस आधी. दोन्हीकडचे तेच ते चेहरे, शाल, पुष्पगुच्छ, फोटो. सण पार पडला की पुढच्या सणापर्यंत सुट्टी. भिवंडीतले काम दोन सणांच्या मधल्या, रिकाम्या महिन्यांत झाले होते.

भिवंडीची गोष्ट परीकथेसारखी सांगण्यात मात्र अर्थ नाही. जुलै २००६ मध्ये तिथेच एका जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला, गोळीबारात दोघे गेले आणि त्यानंतर दोन पोलीस शिपायांना जमावाने मारले. त्या दोन घरांतली पोरकी झालेली मुलेही भिवंडीच्या हिशेबात धरायला हवीत. लागलेली सवय सुटते. मधल्या काळात भेटणे थांबले की माणसे पुन्हा एकमेकांसाठी अनोळखी होतात, आणि त्याला फार वर्षे लागत नाहीत.

रमजानचे रोजे तीस दिवस का, एक दिवस का नाहीत, याची उत्तरे आलिम लोक त्यांच्या परीने देतील. शिक्षकी पेशातल्या मला एवढे कळते की, एका दिवसात काही शिकता येत नाही. सराव लागतो. गायक ज्याला रियाज म्हणतात तो. वर्षातले अकरा महिने कामाला यावे म्हणून एक महिना.

पण सराव कोणाबरोबर करायचा, हा आता आपल्या शहरांपुढचा खरा पेच आहे. उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतात. हम म्हणजे सोबत, साया म्हणजे सावली. एकाच सावलीत राहणारा. शब्द फार सुंदर आहे, आणि आपल्याकडे तो दिवसेंदिवस खोटा ठरतो आहे. १९९२-९३ नंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला आली. मुंब्रा-कौसा वाढत गेले. दुसरीकडे डोंबिवली-ठाण्यातल्या अनेक सोसायट्यांत भाड्याने घर पाहायला गेले की आधी आडनाव विचारतात आणि मग फ्लॅट "कालच गेला" असे कळते. हा अनुभव माझाही आहे. दलालाचे नाव सांगून काही साधणार नाही, त्याला मालकाने सांगितले असणार आणि मालकाला सोसायटीने. उलट, आमच्या वस्त्यांतही पंधरा-वीस वर्षांची अशी मुले आता आहेत ज्यांच्या घरात दिवाळीच्या फराळाचे ताट कधी आलेले नाही. ती पुस्तकात दिवाळी वाचतात. माझ्या आईच्या लहानपणी कल्याणच्या वाड्यात शेजारून आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळला जायचा. काही नसले तर चिमूटभर साखर घालून द्यायची. प्रेषितांनी आपले सोबती अबू जर यांना सांगितले होते की, रस्सा शिजवशील तेव्हा पाणी थोडे जास्त घाल आणि शेजाऱ्याला आठव. मटण वाढव म्हटले नाही, पाणी वाढव म्हटले. गरिबालाही जमेल असे. आज पाणी वाढवायला कोणाची ना नाही, पण वाटी नेऊन द्यायला भिंतीपलीकडे वेगळे कोणी राहतच नाही.

म्हणून ही गर्दीची, घामट, चिडलेली लोकल मला महत्त्वाची वाटते. मुंब्र्याची मुलगी आणि डोंबिवलीची काकू आता एका वाड्यात राहत नाहीत, एका शाळेत क्वचित जातात. त्या एकमेकींना खांद्याला खांदा लागून भेटतात त्या फक्त इथे. आपल्याकडे उरलेला सामायिक मोहल्ला म्हणाल तर हा बारा डब्यांचा. त्याची समिती कोणी नेमलेली नाही. चौथ्या सीटवर कोणाला सरकून घ्यायचे, बुरखा पाहून तोंड फिरवायचे की नाही, टिकली पाहून उर्दूतले बोलणे एकदम बंद करायचे की नाही, हे रोज ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

लोकलमध्ये इफ्तार करणाऱ्यांना सहप्रवाशांनी पाणी दिले, खजुराची डबी डब्यातून फिरली, अशी छायाचित्रे या महिन्यात हमखास फिरतात. मला ती आवडतात. फक्त कधीकधी वाटते की कॅमेरा निघाला की पाणी देणारा आणि घेणारा दोघेही अवघडतात. खरे प्रसंग फोटोविना घडतात. नवरात्रात त्या दिवसाचा रंग अंगावर घालून आलेल्या बायका उभ्या असतात, त्यांच्या पूजेच्या पिशव्या बसलेल्या मुसलमान मुली मांडीवर घेतात. पिशवीत नारळ आहे की काय आहे हे कोणी विचारत नाही. रमजानमध्ये भेळेचा पुडा उघडणारी एखादी समोरच्या हिजाबवालीकडे पाहून तो पुन्हा पर्समध्ये टाकते. मी अशीला सांगते, खा गं, आम्हाला त्रास होत नाही. खरेच होत नाही. दुसऱ्याने उपाशी राहावे अशी अपेक्षा रोज्यात कुठेही नाही. पण तिने पुडा मिटला तेव्हा तिच्या मनात जे आले, त्याला उर्दूत हमदर्दी म्हणतात. पुन्हा तोच 'हम', सोबतीने दुखणे.

पाण्यावरून दोन गोष्टी आठवतात आणि त्या मी वर्गात एकत्र सांगते. पहिली सगळ्यांना पाठ आहे. काशीहून कावडीने आणलेले गंगाजल रामेश्वराला वाहायचे असताना एकनाथ महाराजांनी ते वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. दुसरी हदीसमधली. समाजाने पतित ठरवलेल्या एका बाईने विहिरीपाशी तहानेने जीभ काढून बसलेला कुत्रा पाहिला. तिने आपला मोजा ओढणीला बांधला, विहिरीत सोडला आणि त्याला पाणी पाजले. तेवढ्यावर तिची पापे माफ झाली. दोन्ही गोष्टींत यात्रा किंवा उपासना बाजूला राहते, आणि ज्याला पाणी मिळते तो परतफेड करू शकणारा नाही. मुले म्हणतात, मॅडम, गोष्ट सारखीच आहे. मी म्हणते, तहान सारखीच आहे. हिंदू-तुर्क संवादाचे भारूड लिहिणाऱ्या नाथांना हे निराळे सांगायला लागले नसते.

आमच्या लोकांसाठी दोन शब्द, कारण हे पान त्यांच्याही घरी जाते. इफ्तारच्या खरेदीला जाताना दुचाकी रस्त्याच्या मधोमध लावायची आणि अँब्युलन्स अडली तर "दो मिनट" म्हणायचे. पहाटे सहरीला उठवण्यासाठी गल्लीत आरडाओरडा करायचा, जेव्हा प्रत्येकाच्या उशाशी मोबाइलचा गजर आहे आणि शेजारच्या इमारतीत बोर्डाची परीक्षा देणारी मुले झोपली आहेत. तरावीहनंतर कट्ट्यावर रात्री एकपर्यंत बाइकचे आवाज. हे सगळे हुकूकुल इबादच्या खात्यात जाते. नमाजीच्या पुण्यातून वजा होते. फलकावर नेत्याचा फोटो आणि खाली इफ्तार पार्टी, यावर तर बोलायचीही इच्छा नाही. त्या ताटांत उरलेले अन्न सकाळी कचऱ्याच्या गाडीत पाहिले की पुरे.

आणि शेजाऱ्यांसाठी एकच विनंती. इफ्तारला बोलावले तर या, पण व्यासपीठावरचे पाहुणे म्हणून नको. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची भांडणे, शाळेच्या बसचा थांबा, नाल्याचे तुंबणे, या कामांना आम्हाला बोलवा. तिथे आमचेही लोक तुमच्याइतकेच वैतागलेले सापडतील.

यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि त्या दिवशी एकोणतिसावा रोजा असेल. गेल्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी ईद झाली होती. यंदा पाडव्याच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर २० ला ईद, नाहीतर २१ ला. ईदच्या नमाजाला निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावे फित्रा काढायचा असतो, रांगत्या बाळाच्या नावेसुद्धा, म्हणजे ज्याच्या घरी काही नाही त्याच्याही चुलीवर सकाळी शेवया शिजतील. तो नमाजानंतर दिला तर फित्रा राहत नाही, साधे दान होते. डोंबिवलीत स्वागतयात्रा सकाळी निघेल, गाड्यांना सणाची गर्दी असेल, आणि संध्याकाळी साडेसहाच्या पुढे पश्चिमेकडच्या गच्च्यांवर माणसे चंद्र शोधत उभी असतील. ज्यांच्या इमारती उंच आहेत त्यांनी त्या दिवशी गच्चीची किल्ली जरा हाताशी ठेवावी.